कापूस खरेदीच्या प्रणालीचा कोड एका रेपोत ठेवावा की पाच रेपोंत?

धुऱ्यावरून (धागाकर्ता)

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून आम्ही पाच जण एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीची प्रणाली लिहितो. दोघे पूर्ण वेळ आहेत, तिघे शेती किंवा नोकरी सांभाळून काम करतात. तीन हंगामांत पसारा वाढत गेला आणि आता एका निर्णयापाशी आम्ही अडलो आहोत. दसऱ्यानंतर काट्यावर गाड्या लागू लागल्या की कोडच्या मांडणीला हात लावता येत नाही, त्यामुळे जे करायचे ते येत्या दोन महिन्यांत करावे लागेल.

प्रणालीचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाचा रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारे भांडार) वेगळा आहे. पहिला भाग गावोगावच्या गटप्रमुखांच्या फोनवरचे ॲप. त्यात कास्तकाराचे नाव, सातबाऱ्यावरचा पेरा आणि गाडी आणण्याचा दिवस नोंदवला जातो आणि अंदाजे रक्कमही दाखवली जाते. दुसरा, जिनिंगच्या फाटकावरच्या संगणकातला काट्याचा प्रोग्रॅम. तो वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून वजन घेतो, ग्रेडरने मोजलेला ओलावा नोंदवतो आणि काटापट्टी छापतो. तिसरा सर्व्हर. चौथे चुकाऱ्याचे वेबपान, जिथून लेखापाल बँकेला पाठवायची यादी काढतात. पाचवा रेपो लहान आहे पण सगळ्यांच्या मुळाशी आहे: दर, ओलाव्याची कपात आणि हमाली यांचे नियम त्यात आहेत. काटा, सर्व्हर आणि वेबपान पायथनमध्ये आहेत व ते हा नियमांचा रेपो ठरावीक व्हर्जनचे पॅकेज म्हणून वापरतात. फोनचे ॲप कॉटलिन या वेगळ्या भाषेत असल्यामुळे तेच नियम तिथे पुन्हा हाताने लिहिलेले आहेत.

ही विभागणी आम्ही विचार करून केली नव्हती. पहिल्या वर्षी ज्याने जो भाग लिहिला त्याने आपल्या खात्यावर रेपो उघडला, आणि पुढे तीच व्यवस्था रूढ झाली.

गेल्या हंगामात जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण प्रश्न तिथूनच उभा राहिला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. आमची कंपनी शासकीय खरेदीसारखीच ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर देते, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान वाढीव ओलाव्याच्या प्रमाणात कपात करते आणि १२ च्या वरचा माल घेत नाही. सुरुवातीला आम्ही ओलाव्याचा अपूर्णांक सोडून देत होतो, १०.४ टक्के आले तर १० धरत होतो. हंगामाच्या मध्यात संचालक मंडळाने अपूर्णांकही धरायचे ठरवले. नियमांच्या रेपोत बदल झाला, नवे व्हर्जन निघाले, सर्व्हर आणि वेबपान त्याच रात्री नव्या व्हर्जनवर गेले. काट्याच्या प्रोग्रॅमच्या रेपोत मात्र जुन्या व्हर्जनचा आकडा तसाच राहिला, कारण तो रेपो पाहणारा सहकारी त्या आठवड्यात वेचणीत गुंतला होता आणि बाकीच्यांपैकी कोणी तो रेपो उघडलाच नाही.

एका कास्तकाराचा १८ क्विंटल कापूस १०.४ टक्के ओलाव्याने मोजला गेला. काटापट्टीवर क्विंटलमागे १६२.२० रुपये कपात छापली गेली. चुकारा करताना सर्व्हरने १९४.६४ रुपये कापले. क्विंटलमागे ३२.४४ रुपयांचा फरक, म्हणजे एकूण ५८३.९२ रुपये. तो माणूस काटापट्टी आणि बँकेचे पासबुक घेऊन कार्यालयात आला आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवून शांतपणे उभा राहिला. आरडाओरडा झाला असता तर मला कमी वाईट वाटले असते. कंपनीने काटापट्टीवरचा आकडा प्रमाण मानून त्याला फरक दिला, आणि त्या नऊ दिवसांतल्या सगळ्या पावत्या आम्ही हाताने तपासून इतरांचाही दिला.

आता आमच्यात दोन मते आहेत. एक मत असे, की पाचही भाग एका रेपोत आणावेत, म्हणजे नियम बदलणारा कमिट (एकत्र नोंदवलेला बदल) सगळीकडे एकदमच बदल करील. दुसरे मत असे, की चूक रेपोंच्या संख्येची नसून शिस्तीची होती, आणि सगळे एकत्र केले तर उद्या काट्याच्या जुळणीसाठी बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञालाही चुकाऱ्याचा कोड दिसेल. माझे स्वतःचे मन एका रेपोकडे झुकते आहे. तरीही ज्यांनी दोन्ही प्रकारे काम केले आहे त्यांचे ऐकल्याशिवाय मला पुढे जायचे नाही.

वर्धेकाठचा

भाऊ, घटना मोकळेपणाने मांडलीत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. मी पंधरा वर्षे पुण्यात मोठ्या चमूंमध्ये दोन्ही प्रकारे काम केले आणि आता हिंगणघाटजवळ गावी राहून करतो. माझे मत एका रेपोच्या बाजूचे आहे, पण त्याची कारणे बहुतेक लेखांत सापडतात ती नाहीत.

पहिल्यांदा मोठ्या कंपन्यांची उदाहरणे बाजूला ठेवू या, कारण या वादात ती नेहमी पुढे केली जातात आणि तुमच्या प्रश्नावर फारसा प्रकाश टाकत नाहीत. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एका रेपोत सुमारे २ अब्ज ओळींचा कोड होता, त्याचा आकार ८६ टेराबाइट होता आणि जवळपास २५,००० अभियंते त्यात काम करत होते. मात्र तो रेपो गिटमध्ये, म्हणजे आपण कोडचा इतिहास सांभाळायला वापरतो त्या साधनात, नव्हता. त्यासाठी त्यांनी पायपर नावाची स्वतःची यंत्रणा उभारली होती. त्याच कंपनीचे अँड्रॉइड मात्र शेकडो गिट रेपोंत आहे आणि एक मॅनिफेस्ट फाइल वाचून ते सगळे रेपो एकत्र उतरवून घेणारे वेगळे साधन त्यांना लिहावे लागले. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज गिटच्या एका रेपोत आणले तेव्हा त्यात सुमारे ३५ लाख फाइली आणि ३०० जीबी मजकूर होता, आणि साधे गिट त्यासाठी पुरेना म्हणून फाइल लागेल तेव्हाच उतरवणारी आभासी फाइल-प्रणाली तयार करावी लागली. यातून इतकेच कळते, की दोन्ही मार्गांनी मोठे काम होते आणि त्या आकाराला दोन्ही मार्गांची किंमत मोठी असते. तुमचा सगळा कोड एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. त्यांच्या अडचणी तुमच्या वाट्याला येणार नाहीत, आणि त्यांची साधनेही तुम्हाला लागणार नाहीत.

तुमच्याशी जुळणारे उदाहरण एलएलव्हीएम या कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी साधने) बनवणाऱ्या प्रकल्पाचे आहे. तिथे कंपायलरचा गाभा, सी-सी++ वाचणारा क्लँग, लिंकर असे भाग गिटवर वेगवेगळ्या आरशांत (प्रतींत) दिसत असत, आणि गाभ्यातला एक बदल क्लँगमध्येही बदल मागत असे. पुष्कळ चर्चेनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी सगळे एका गिट रेपोत आणले. एकमेकांसोबत बदलणारे भाग एका क्रमांकाने ओळखता यावेत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. माझी कसोटीही हीच आहे: गेल्या वर्षभराच्या बदलांची यादी काढा आणि त्यांतले किती बदल एकाहून अधिक रेपोंना शिवून गेले ते मोजा. नियम, सर्व्हर आणि काटा हे त्रिकूट वारंवार एकत्र दिसले, तर ते आधीपासूनच एकच काम आहे. तुम्ही फक्त त्याच्यामध्ये धुरे घातले आहेत.

दुसरे कारण चूक शोधण्याचे आहे. एका रेपोत गिट बायसेक्टने (दर वेळी उरलेले कमिट निम्मे करत शोधणाऱ्या आज्ञेने) दोष नेमक्या कमिटपर्यंत नेता येतो. ४०० कमिटांमधून नऊ पायऱ्यांत. पाच रेपोंत आधी हेच ठरवावे लागते, की त्या दिवशी कोणत्या रेपोचे कोणते व्हर्जन कोणासोबत चालू होते. तुम्ही नऊ दिवसांच्या पावत्या हाताने तपासल्या; व्हर्जनांची ती जुळवणीही हातानेच करावी लागली असेल.

तिसरी गोष्ट माणसांची. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे, की संस्थेतल्या संवादाची जी घडण असते तीच तिने बनवलेल्या प्रणालीत उतरते. तुमचा एक सहकारी वेचणीला गेला आणि त्याचा रेपो कोणी उघडला नाही, कारण तो ‘त्याचा’ होता. पाच जणांच्या चमूला पाच मालक्या परवडत नाहीत. शेतीच्या हंगामात कोण कधी उपलब्ध असेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक भाग उघडण्याची सवय असली पाहिजे, आणि एका रेपोत ती आपोआप लागते.

संत्रापट्टा

वरच्या मताचा आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडते, कारण आम्ही वरुडकडे संत्र्याच्या पॅकिंग हाऊससाठी जी प्रणाली चालवतो तिच्यात सगळे एकत्र केल्यामुळे आम्हाला त्रास झाला.

आमच्याकडे प्रतवारीच्या यंत्राशी बोलणारा भाग, बागायतदारांची नोंद आणि व्यापाऱ्यांची बिले हे तिन्ही एका रेपोत होते. यंत्राच्या देखभालीसाठी बाहेरचा तंत्रज्ञ नेमावा लागला. त्याला यंत्राचा कोड पाहायचा होता, पण गिटमध्ये वाचण्याची परवानगी रेपोगणिक दिली जाते, फोल्डरगणिक नाही. कोडओनर्सची फाइल ठेवली तर अमुक फोल्डरच्या बदलाला अमुक माणसाची संमती घेणे बंधनकारक करता येते, परंतु वाचण्यावर तिचे कसलेही नियंत्रण नसते. ज्याने रेपो क्लोन केला (आपल्या संगणकावर पूर्ण उतरवला) त्याच्याकडे सगळा कोड जातो आणि सगळा इतिहासही जातो. आमच्या इतिहासात तीन वर्षांपूर्वी चुकून टाकलेली पेमेंट सेवेची किल्ली होती. ती फाइल आम्ही पुढच्याच दिवशी काढून टाकली होती, म्हणून ती गेली असे आम्ही समजत होतो. जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी होती. तंत्रज्ञ सज्जन माणूस, त्यानेच फोन करून सांगितले.

धागाकर्त्या भाऊंनी तंत्रज्ञाविषयीची जी शंका दुसरे मत म्हणून मांडली आहे, तिला मी पहिला क्रमांक देईन. कोणाला काय वाचू द्यायचे नाही, याचे उत्तर रेपोची सीमा ठरवते. बाकी सगळ्या सोयी-गैरसोयी नंतर विचारात घेता येतात.

आणखी एक मुद्दा आहे. काट्याच्या प्रोग्रॅमला हंगामात हात लावायचा नसतो. वेगळा रेपो आणि ठरवून धरलेले व्हर्जन असले, की सर्व्हरवर रोज काम चालू असतानाही काट्यावर काहीही बदलत नाही. तुमच्या प्रसंगात हेच धरून ठेवलेले व्हर्जन नुकसानीला कारण झाले, हे मान्य. पण एरवी त्याच व्यवस्थेने तुमचा काटा तीन हंगाम सुरळीत चालवला असेल, याचीही नोंद घ्यावी.

वर्धेकाठचा

ताई, वाचण्याच्या परवानगीचा मुद्दा निर्विवाद आहे आणि तो माझ्या उत्तरात यायला हवा होता. काटा स्थिर ठेवण्याविषयी मात्र मला वाटते, की एका रेपोतही ते साधते: हंगामाच्या सुरुवातीच्या कमिटवर टॅग (खुणेचे नाव) लावून त्याच टॅगचे बिल्ड (चालवायला तयार केलेला प्रोग्रॅम) काट्यावर ठेवायचे, आणि तातडीची दुरुस्ती लागली तर त्या टॅगपासून ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) काढायची.

लोणारकाठ

मी दोन्ही बाजू वाचल्या. मूळ घटनेकडे पुन्हा पाहावे अशी माझी विनंती आहे, कारण पाचही भाग एका रेपोत असते तरी ते ५८३.९२ रुपये चुकलेच असते असे मला दिसते.

कमिट एका क्षणी होतो. तो लागू होणे एका क्षणी होत नाही. भाऊ, तुमचा सर्व्हर रात्रीतून बदलतो. काट्याचा संगणक तुम्ही कसा बदलता? आमच्या मेहकरकडच्या अनुभवावरून सांगतो, की फाटकावरच्या संगणकाला इंटरनेट असेलच असे नाही. कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन मोटारसायकलने जातो तेव्हा तिथे नवे व्हर्जन पोहोचते. गटप्रमुखांचे फोन तर त्यांच्या सवडीने अपडेट होतात, काहींचे महिनोन्महिने होत नाहीत. एका कमिटमध्ये तिन्ही ठिकाणचा नियम बदलला आणि सगळ्या चाचण्या हिरव्या (यशस्वी) झाल्या, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर जुना नियम, सर्व्हरवर नवा आणि फोनमध्ये त्याच्याही आधीचा, अशी स्थिती राहणारच. एका रेपोमुळे उलट अशी समजूत होण्याचा धोका आहे, की सगळे एकदम बदलले.

यावर उपाय रेपोच्या बाहेर आहे. प्रत्येक पावतीवर ती कोणत्या नियमाने काढली त्या नियमाचा क्रमांक छापा आणि डेटाबेसात साठवा. सर्व्हरने पावतीचा हिशेब स्वतःच्या ताज्या नियमाने न करता पावतीवरच्या क्रमांकाच्या नियमाने करावा. नवा नियम लागू होण्याची तारीख नियमातच लिहिलेली असावी आणि ती काट्याचा संगणक बदलून झाल्यानंतरची असावी. जुने नियम पुसायचे नाहीत. हंगाम संपेपर्यंत ते सगळे सर्व्हरला ठाऊक असले पाहिजेत. संदेशाच्या रचनेचेही तसेच आहे: नवे रकाने आधी वाढवायचे, सगळे फोन नव्या ॲपवर आले की मगच जुने काढायचे.

हे केल्यावर रेपो एक असावा की अनेक, हा प्रश्न उरतो, पण तो कामाच्या सोयीचा होतो. कास्तकाराचा पैसा त्यावर अवलंबून राहत नाही.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)

लोणारकाठ भाऊ, आपले निरीक्षण अचूक आहे. काट्याचा संगणक पेन ड्राइव्हनेच बदलला जातो. आम्ही सहा महिने ‘तो आकडा बदलायचा राहिला’ याच वाक्यापाशी थांबलो होतो. तो वेळेवर बदलला असता तरी दोन-तीन दिवसांच्या पावत्या चुकल्याच असत्या, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पावतीवर नियमाचा क्रमांक छापण्याचे काम रेपोंच्या निर्णयाची वाट न पाहता आम्ही आजपासूनच हाती घेत आहोत.

वर्धेकाठच्या भाऊंनी सांगितलेली मोजणीही केली. गेल्या हंगामातल्या ६१ बदलांपैकी ३४ बदलांना एकाहून अधिक रेपोंत कमिट करावे लागले होते, आणि त्या ३४ पैकी बहुतेकांत नियम आणि सर्व्हर सोबत होते. फोनचे ॲप १२ बदलांत आले. काट्याच्या इंडिकेटरकडून वजन वाचणारा तुकडा मात्र एकाही सामायिक बदलात आला नाही. तो एकदा लिहिला गेला आणि तसाच राहिला.

झाडीपट्टी

मी गोंदिया जिल्ह्यातला विद्यार्थी आहे आणि एका गटाच्या धानखरेदीच्या ॲपवर काम शिकतो आहे. माझी शंका लहान आहे. आमच्याकडे नेट मोबाइलवरचेच, आणि वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने बंद होतो. मोठा एकच रेपो क्लोन करताना मध्येच तुटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी लहान लहान रेपो बरे नाहीत का?

लोणारकाठ

शंका लहान नाही. आपल्या भागात हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. तुटलेला क्लोन गिट जिथे थांबला तिथून पुढे नेत नाही, हे आपण म्हणता तसेच आहे. पण त्यासाठी रेपो तोडण्याची गरज नाही.

सगळ्यात खात्रीचा मार्ग गिट बंडलचा. ज्याच्याकडे पूर्ण रेपो आहे त्याने तो बंडल करून एक फाइल तयार करावी आणि पेन ड्राइव्हवर द्यावी. त्या फाइलीवरूनच क्लोन करता येतो. नंतर रिमोटचा पत्ता खऱ्या सर्व्हरचा लावला, की पुढे फक्त नवे कमिट नेटवरून येतात आणि ते काही केबींचे असतात. आमच्या चमूत नवा माणूस आला की आम्ही त्याला बंडलच देतो. बंडल मिळण्यासारखे नसेल तर आधी उथळ क्लोन करावा, म्हणजे फक्त शेवटचा कमिट उतरेल, आणि इतिहास नंतर थोडा थोडा खोल करत न्यावा. मोठ्या फाइलींचे जुने अवतार सोडून क्लोन करण्याची सोयही आहे, आणि जानेवारी २०२० च्या २.२५ व्हर्जनपासून गिटमध्ये स्पार्स-चेकआउट ही स्वतंत्र आज्ञा आहे, तिने आपल्याला हवी तेवढीच फोल्डरे डिस्कवर उतरवता येतात.

रेपो फुगतो तो बहुधा कोडने फुगत नाही. कोणीतरी ॲपची बिल्ड झालेली फाइल, डेटाबेसाची प्रत किंवा प्रशिक्षणाचा व्हिडिओ कमिट करतो, आणि नंतर तो काढला तरी इतिहासात राहतो. आधी ते तपासावे.

संत्रापट्टा

धुऱ्यावरून भाऊ, आपल्या मोजणीतले शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. वजन वाचणारा तुकडा एकाही सामायिक बदलात नाही आणि बाहेरच्या तंत्रज्ञाला नेमके तेवढेच लागते. मग तो एकटा वेगळा रेपो असू द्या आणि बाकीचे एकत्र करा. माझा विरोध सगळे एकाच पोत्यात भरण्याला होता; या विभागणीला माझी हरकत नाही. तो तुकडा मुख्य रेपोत आणताना मात्र सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडण्याची गिटची सोय) वापरू नका. मुख्य रेपो सबमॉड्यूलच्या फक्त एका कमिटचा क्रमांक लक्षात ठेवतो. आतला कमिट पुश करायचा (सर्व्हरवर पाठवायचा) राहिला आणि बाहेरचा झाला, तर दुसऱ्याच्या संगणकावर तो क्रमांकच सापडत नाही. दोन पायऱ्यांपैकी एक विसरणे हीच तर आपली मूळ अडचण आहे. क्वचित बदलणाऱ्या तुकड्यासाठी व्हर्जन लावलेले पॅकेज पुरेसे आहे.

आणि रेपो एकत्र करण्याआधी पाचही इतिहासांत किल्ल्या आणि पासवर्ड शोधा. सापडली तर आधी किल्ली बदला, मग इतिहास साफ करा. आमचा क्रम उलटा झाला होता.

वर्धेकाठचा

ताईंच्या विभागणीशी मी पूर्ण सहमत आहे. आता प्रत्यक्ष स्थलांतराविषयी, कारण तिथे घाईत इतिहास गमावलेले चमू मी पाहिले आहेत.

फाइली नुसत्या कॉपी करून नव्या रेपोत पहिला कमिट करू नका. तीन वर्षांत अमुक ओळ कोणी आणि का लिहिली हे त्यानंतर कधीच सापडणार नाही. गिट सबट्रीने जोडता येते, पण मग फोल्डरचा इतिहास पाहताना तो जोडणीच्या कमिटपाशी थांबल्यासारखा दिसतो. त्याऐवजी प्रत्येक जुन्या रेपोची ताजी प्रत घ्या आणि गिट फिल्टर-रेपोने तिचा सगळा इतिहास तिच्या उपफोल्डरमध्ये असल्यासारखा लिहून घ्या. त्याच वेळी टॅगांना भागाचे नाव जोडा, नाहीतर पाचही रेपोंतला १.० हा टॅग एकमेकांवर आदळेल. मग या प्रती नव्या रेपोत एकेक करून मर्ज करा (मिसळा). इतिहास एकमेकांशी संबंधित नसल्यामुळे गिट नकार देईल, त्याला तशी स्पष्ट परवानगी द्यावी लागते. या सगळ्यात कमिटांचे क्रमांक बदलतात. जुन्या नोंदींत आणि तक्रारींत जे क्रमांक लिहिलेले असतील ते नव्या रेपोत लागणार नाहीत, म्हणून जुने रेपो पुसू नका; ते फक्त वाचण्यापुरते करून ठेवा. ज्यांच्या ब्रँच अर्धवट आहेत त्यांनी त्या आधी मर्ज कराव्यात. पाच जणांना हे एका दिवसात ठरवता येते.

नंतरची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. एका रेपोत प्रत्येक कमिटला फोनचे ॲपही बिल्ड होऊ लागले की वेळ वाया जातो, म्हणून लोक फोल्डरनुसार बिल्ड चालवतात. तसे करताना नियमांचे फोल्डर प्रत्येक भागाच्या यादीत असलेच पाहिजे. ते एका यादीतून सुटले, तर नियम बदलेल आणि त्या भागाची चाचणी चालणारच नाही, म्हणजे गेल्या हंगामातली चूक नव्या वेषात परत येईल. शिवाय गिटहबवर एखादी तपासणी मर्जसाठी सक्तीची केली असेल आणि फोल्डरच्या गाळणीमुळे ती सुरूच झाली नाही, तर ती प्रलंबित दिसत राहते आणि पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) अडकते. त्यामुळे सक्तीची तपासणी नेहमी चालणारी ठेवावी आणि काय बिल्ड करायचे ते तिने आत ठरवावे. तुमच्या आकाराला खरे तर सुरुवातीला सगळेच बिल्ड होऊ द्या. बेझेल किंवा तत्सम मोठ्या बिल्ड-साधनांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

कॉटलिनमधल्या नियमांचे काय करणार आहात? एक रेपो झाला तरी ती दुसरी प्रत राहतेच.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही पाचही जण बसलो, हा धागा मोठ्याने वाचला आणि ठरवले ते इथे लिहून ठेवतो.

नियम, सर्व्हर, चुकाऱ्याचे वेबपान, फोनचे ॲप आणि काट्याच्या प्रोग्रॅमचा पावती छापणारा भाग हे सगळे एका रेपोत येतील. इंडिकेटरकडून वजन वाचणारा तुकडा वेगळ्या रेपोत जाईल आणि व्हर्जन लावलेल्या पॅकेजच्या रूपाने वापरला जाईल. तंत्रज्ञाला तेवढ्याच रेपोची परवानगी मिळेल. काट्यासाठी हंगामाचा टॅग असेल आणि त्यावरूनच बिल्ड निघेल.

कॉटलिनमधली दुसरी प्रत तूर्त काढता येत नाही, कारण नेट नसतानाही फोनवर अंदाज दिसला पाहिजे. त्यासाठी आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याने एक मार्ग सुचवला आणि तो सगळ्यांना पटला. नियमांच्या फोल्डरमध्ये एक साधी तक्त्याची फाइल असेल: वजन, ओलावा, दर, नियमाचा क्रमांक आणि अपेक्षित रक्कम. काटा, सर्व्हर, वेबपान आणि फोन या चारही ठिकाणच्या चाचण्या तीच फाइल वाचतील, आणि एकाही ठिकाणचे उत्तर एका पैशाने वेगळे आले तरी मर्ज होणार नाही. पाच रेपोंत अशी फाइल ठेवली असती तर तिच्याही पाच प्रती झाल्या असत्या. एका रेपोचा आम्हाला दिसणारा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे.

किल्ल्यांचा शोध घेतला. एक सापडली, संदेश पाठवण्याच्या सेवेची. ती बदलली आहे, आणि इतिहास साफ करण्याचे काम स्थलांतरासोबतच होईल.

तक्त्याच्या फाइलीत पहिल्या दोन ओळी भरून झाल्या आहेत. दोन्हींत १८ क्विंटल, १०.४ टक्के आणि ८,११० रुपये आहेत. जुन्या नियमाच्या क्रमांकापुढे १,४३,०६०.४० रुपये लिहिले आहेत आणि नव्या नियमाच्या क्रमांकापुढे १,४२,४७६.४८.